पावशेर बडीशेप

सिगारेट उपासाला चालते. कुठल्या पोथीत लिहिलंय ते विचारू नका. पण संकष्टीला मी साबुदाण्याच्या खिचडीतली कोथिंबीर वेचून ताटाच्या कडेला लावत असे, कारण आमच्याकडे ती चालत नाही, आणि तीच खिचडी संपवून गॅलरीत जाऊन एक पेटवत असे. बायकोने एकदा हटकलं. मी म्हणालो, "अगं, धान्य नाही, कांदा नाही, लसूण नाही, मीठसुद्धा नाही. शेवटी पानच की ते. तुळशीसारखं."

"मग देवाला दाखवून ओढा," ती म्हणाली.

या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

माझं गाव निपाणी. विडीच्या तंबाखूची पेठ. माझ्या लहानपणी गावाची पाटी दिसण्याआधी गावाचा वास यायचा. एसटीतून उतरलेला पाहुणा आधी शिंकायचा आणि मग नमस्कार करायचा. वखारींतून नाकाला पदर बांधलेल्या बाया तंबाखू चाळत बसलेल्या असायच्या, आणि संध्याकाळी त्या घरी निघाल्या की रस्ताभर खोकला ऐकू यायचा. त्यांनी जन्मात विडी ओढली नव्हती. १९८१ साली शरद जोशींच्या आंदोलनात तंबाखूचे शेतकरी भावासाठी हमरस्त्यावर येऊन बसले, गोळीबार झाला, माणसं गेली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. या दोन गोष्टींवर विनोद करायची माझी छाती नाही. त्या इथंच ठेवतो आणि माझ्या स्वतःच्या, म्हणजे हसण्यालायक, खोकल्याकडे वळतो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एका वखारीत दिवाणजी होते. तंबाखूला त्यांनी कधी हात लावला नाही. "विकायच्या मालाला तोंड लावायचं नसतं," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. पण अण्णांच्या शर्टाला, छत्रीला, चोपड्यांना, सत्यनारायणाच्या पोथीलासुद्धा तंबाखूचा वास होता. सिगारेट ओढू लागलेल्या मुलासाठी याहून सुरक्षित घर भारतात दुसरं नसेल. त्यातून आमचं कॉलेज अर्जुननगरला. निपाणी कर्नाटकात आणि तिला लागूनच असलेलं अर्जुननगर महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. सीमाप्रश्न सुटत नाही म्हणून थोर माणसं हळहळत होती, तेव्हा आम्ही तो रोज दोनदा चालत ओलांडत होतो. महाराष्ट्रात पेटवायची आणि कर्नाटकात विझवायची. हे १९८८ साल.

खबरदारी म्हणून घराच्या कोपऱ्यावर आलो की बडीशेप तोंडात टाकायची. महिनाभर सुरळीत गेलं. मग एका बाजाराच्या दिवशी अण्णांनी पिशवीतून भाजी काढली, गूळ काढला, आणि पावशेर बडीशेपेची पुडी काढली. काचेच्या एका बरणीत ती भरली आणि माझ्या पुस्तकांच्या फळीवर नेऊन ठेवली.

"बाहेर सुटी महाग पडते," म्हणाले, आणि चोपडी उघडून बसले.

त्या दिवसापासून कित्येक वर्षं आमच्यात या विषयावर एक शब्द झाला नाही. बरणी रिकामी झाली की भरलेली असायची.

पुढे मी कोल्हापूरला आलो, शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत हिशेब खात्याला चिकटलो. रक्तातच दिवाणजी, त्यामुळे मागच्या वर्षी एकदा माझ्या धुराचाही ताळेबंद मांडला. सोडलेले दिवस वजा जाता निव्वळ ओढल्याची वर्षं ३३. सरासरी रोज आठ. म्हणजे ९६,३६० सिगारेटी. एक सिगारेट सात सेंटिमीटर धरली आणि सगळ्या एकापुढे एक मांडल्या, तर होतात पावणेसात किलोमीटर. मी दोनदा गुणाकार केला. तेहेतीस वर्षं इमानेइतबारे ओढून माणूस जातो कुठे, तर पावणेसात किलोमीटर! आणि तेवढं अंतर मी आज चालूही शकत नाही; दम लागतो.

वेळेचा हिशेब याहून वाईट निघाला. एकीला पाच मिनिटं धरली तर झोप-जेवण न घेता अकरा महिने मी टपरीसमोर नुसता उभा आहे. तपश्चर्येला याहून कमी वेळात देव प्रसन्न झाल्याची उदाहरणं आहेत.

पैशाचं विचारू नका. पण विचारलंतच म्हणून सांगतो : तेव्हा आमच्या टपरीवर सुटी १८ रुपये होती. आठांचे १४४. वर्षाचे ५२,५६०. घरच्या डायरीत हा खर्च मी 'किरकोळ' या सदरात लिहीत आलो. दूध, पेपर, वीजबिल, किरकोळ. काही वर्षांनी किरकोळ दुधाच्या पुढे गेलं, मग विजेच्याही. बायकोने एकदा डायरी वाचून विचारलं, "हे किरकोळ कोण? घरात राहतं का आपल्या?" शिवाय सिगारेट कधी एकटी येत नाही. बरोबर कटिंग चहा येतो, मागून हॉल्सची गोळी येते, आणि मधेच शर्टाला ठिणगीचं भोक पडतं. बरोबर मोहरीएवढं, पोटावर, आणि नेमकं त्या शर्टाला जो सासुरवाडीहून आलेला असतो. घरी टाकलेल्या पांढऱ्या बनियनला कधी ठिणगी पडल्याचं मला आठवत नाही.

मी सुटी घ्यायचो याचं लोकांना आश्चर्य वाटायचं. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे. ही बातमी मी टपरीवाल्या मामांना वाचून दाखवली होती, तेव्हा त्यांनी पाकिटातून माझी एक काढता काढता "सरकारचं बरोबर हाय" म्हणून मान डोलावली. सुटी घेण्यात एक नैतिक बाजू आहे. अख्खं पाकीट घेणारा माणूस उद्याही ओढणार असतो. सुटी घेणारा मात्र सोडलेलाच असतो. ही फक्त शेवटची. मी आयुष्यात 'शेवटची' इतक्या वेळा विकत घेतली आहे, की पहिली कोणती हे आता आठवत नाही.

बंदीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, हे काही आजचं नाही. तंबाखू या देशात पोर्तुगिजांनी आणली, आणि अकबराच्या दरबारात ती पोचवली असद बेग नावाच्या त्याच्या सरदाराने, कुठून म्हणाल तर आमच्याच बाजूच्या विजापुराहून. बादशहाने कौतुकाने काही झुरके घेतले, हकीम मधे पडला, आणि सरदारांना मात्र चटक लागली. १६१७ साली जहांगिराने बंदीचं फर्मान काढलं. त्याला चारशे वर्षं उलटून गेली, अंमलबजावणी अजून चालू आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी ओढली तर दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे. मी तो एकदा भरलाय. पावती घेतली आणि डायरीत लिहिला. किरकोळमध्येच.

आता, एवढं कळतं तर सुटत का नाही? ज्याने कधी ओढली नाही तो हा प्रश्न फार निरागसपणे विचारतो. त्याला उत्तर देण्यात अर्थ नसतो, पण देतो.

झुरका घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. कोल्हापुरात इतक्या वेगाने दुसरं काहीही कुठेही पोचत नाही. मेंदू खूश होतो. दोनेक तासांत त्यातलं निम्मं रक्तातून निघून जातं आणि मेंदू कुरकुरू लागतो. ती कुरकुर थांबवायला पुन्हा एक. म्हणजे स्वतःच गवताच्या गंजीला काडी लावायची, स्वतःच बादली घेऊन धावत यायचं, आणि वर गावाकडून सत्कार घ्यायचा, असा हा गडी आहे. आणि आपण म्हणतो, "सिगारेटने टेन्शन जातं." जातं ना. तिनेच आणलेलं असतं.

पण हे झालं शास्त्र. सकाळचा प्रश्न शास्त्राच्या पलीकडचा आहे. मराठी माणसाच्या आयुष्यात सकाळी सहा ते सात या वेळेला जे महत्त्व आहे ते मी उघड लिहीत नाही, सुज्ञांना कळेल. माझ्या आजीला दाताला मिश्री लावल्याशिवाय 'होत' नसे, आमच्या शेजारच्या काकांना बार भरल्याशिवाय, आणि मला एक पेटवल्याशिवाय. निकोटिन आतड्यांना हलवतं, हे आजीला डॉक्टरांच्या आधी माहीत होतं. सिगारेट सोडली की तिसऱ्या दिवशी मी मेथीचे दाणे, एरंडेल, इसबगोल, गरम पाणी, भोपळ्याचा रस अशी यात्रा करून शेवटी टपरीशी येऊन थांबत असे. फुप्फुसांसाठी सोडायची आणि पोटासाठी धरायची. एका शरीरात दोन पक्ष असल्यावर सरकार टिकणार कसं?

सोडण्याचे मुहूर्तही मी सगळे वापरले. साडेतीनच्या साडेतीन. दसऱ्याला सीमोल्लंघन म्हणून सोडली. कोजागरीला परत आली. अक्षय्य तृतीयेला सोडली. त्या दिवशी केलेलं अक्षय होतं म्हणतात, आणि घात तिथंच झाला. सोडण्याआधी सकाळी शेवटची म्हणून एक ओढली होती. तीच अक्षय झाली.

एकदा सरकारी मार्गानेही गेलो. सिगारेटच्या पाकिटावर मदतीचा फुकट नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. योजना उत्तम. पण सुटी घेणाऱ्याला पाकीट दिसतच नाही. ते मामांच्या हातात. म्हणून नंबरासाठी मी अख्खं पाकीट विकत घेतलं. पाकिटाच्या दोन्ही बाजू ८५ टक्के धोक्याच्या चित्राने आणि इशाऱ्याने भरलेल्या. ते न बघता नंबर वाचायचा म्हणजे अंगठ्याने चित्र झाकून, चष्मा वर करून, मान तिरकी करून वाचावं लागतं. लावला फोन. पलीकडच्या बाई इतक्या शांत आणि समजूतदार होत्या की मला माझीच लाज वाटली. त्यांनी विचारलं, सोडायची तारीख कोणती ठरवता? मी म्हणालो, पुढचा सोमवार. त्या दिवशी गुरुवार होता. पाकिटात दहा होत्या. टाकून द्यायच्या म्हणजे अन्नाचा अपमान.

सोमवारी खरंच सोडली. सोमवार बरा गेला. मंगळवारी मी पेपर टाकणाऱ्या पोराशी भांडलो. बुधवारी तुपाच्या डब्याचं झाकण नीट लागत नाही एवढ्यावरून सुरुवात करून मी बायकोच्या माहेरापर्यंत पोचलो, तिच्या मामांनी २००३ साली लग्नात केलेली व्यवस्था मधे घेऊन. तिसरा दिवस सगळ्यात वाईट असतो, असं डॉक्टर सांगतात. कुणाला वाईट असतो ते सांगत नाहीत. मुलगी कानात इअरफोन घालून आतल्या खोलीत गेली. बायको काही बोलली नाही. देवघराशेजारच्या डब्यातून तिने वीसची नोट काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"अहो, हे घ्या. खाली जा आणि माणूस होऊन या. दोन रुपये उरतील, त्याची बडीशेप आणू नका. घरात आहे."

'एकच प्याला' नाटकात सुधाकर दारू पितो आणि सिंधू रडते. दारुड्याच्या पदरात गडकऱ्यांनी एवढी मोठी शोकांतिका टाकली. सिगारेट ओढणाऱ्याला साहित्यात असं काही नाही. त्याच्या वाट्याला येतात वीस रुपये.

मग च्युइंग गम. डॉक्टरांनी दोन मिलिग्रॅमचा लिहून दिला आणि खायची पद्धत समजावू लागले : सारखा चघळायचा नाही, हळूहळू चावायचा, तोंडात झिणझिणलं की गाल आणि हिरडी यांच्या मधे ठेवून द्यायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. मी म्हणालो, "डॉक्टर, मी निपाणीचा. दाढेत धरणं आम्हाला शिकवू नका." ते हसले, आणि मग खरी अडचण सांगितली. गम तोंडात असताना चहा-कॉफी-सरबत घ्यायचं नाही, आधी पंधरा मिनिटंही नाही, नाहीतर औषध लागू पडत नाही. आता मला तलफ येते कधी? चहाबरोबर! जखम गुडघ्याला आणि पट्टी कोपराला. तरी मी गम वर्षभर खाल्ला. मधेच ध्यानात आलं की गमही मी सुटाच मागतोय.

त्याच सुमारास विम्याचा अर्ज भरला. एजंट जुना ओळखीचा, टपरीवरचाच. "धूम्रपान करता का?" या रकान्याशी त्याचं पेन थांबलं. बाहेर नुकतीच आम्ही दोघांनी मिळून एक काडी वापरली होती. "नाही लिहूया का?" त्याने विचारलं. मी हिशेबनीस असल्याने खोटी नोंद जमेना, आणि बरंच झालं, कारण लघवी तपासतात म्हणे. निकोटिनचं शरीरात कोटिनिन होतं आणि ते काही दिवस तिथं साक्ष देत बसतं. अर्जात 'हो' लिहिलं. हप्ता दीडपटीच्या पुढे गेला. मी मरण्याची शक्यता इतक्या स्वच्छ आकड्यांत, जीएसटीसह, मला कुणी सांगितली नव्हती. आम्ही दोघं त्या धक्क्याने बाहेर आलो आणि, काय करणार, एकेक पेटवली.

एकदा मात्र नऊ महिने सुटली होती. घरचे म्हणाले, आता बाळंतपण झालं, सुटलो. दहाव्या महिन्यात एका सहकाऱ्याच्या मुलाच्या जेवणावळीत तांबडा-पांढरा झाला, वरून कुणीतरी पुढे केली, आणि "एकीनं काय होतंय" हे वाक्य माझ्याच आवाजात मला ऐकू आलं.

या नऊ महिन्यांत मला एक गोष्ट उमगली, आणि माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ ते आहे. निकोटिन गेलं तरी पंगत राहते. फाउंड्रीच्या दारातल्या टपरीवर जनरल मॅनेजर आणि भट्टीवरचा गडी एकाच दोरीला बांधलेल्या लायटरसाठी थांबतात. बोनस किती, कुणाची खुर्ची हलली, कुठली ऑर्डर परत आली, हे तिथं आधी कळतं आणि नोटीस बोर्डावर नंतर. मी सिगारेट सोडली आणि नवा मॅनेजर येणार हे मला तो येऊन माझ्या टेबलाशी उभा राहिल्यावर कळलं. पण बातम्यांचंही सोडा. आपल्याकडे कामाच्या वेळी माणसाने नुसतं उभं राहणं हा गुन्हा आहे. हातात सिगारेट असली की तोच माणूस "दोन मिनिटं आलो हं" म्हणून राजरोस उभा राहतो, समोरच्या झाडाकडे बघतो, आणि त्याला कुणी काही म्हणत नाही. सिगारेट न ओढणारे आमचे एक सहकारी एकदा दुपारी असेच दारात पाच मिनिटं उभे राहिले, तर सुपरवायझरने येऊन विचारलं, "काय सर, बरं नाही का?" ते अकरा महिने मी धुरासाठी उभा होतो असं मला आता वाटत नाही. मी उभं राहण्यासाठी धूर काढत होतो. रजेच्या अर्जाला कारण लागतं, तसं ते कारण होतं. महाग होतं, एवढंच.

आता सुटली आहे. निश्चयाने नव्हे, पंचगंगेने. गेल्या पावसाळ्यात पाणी चढलं, टपरी चार दिवस बंद राहिली, बाकीचं सगळं गावही. तिसरा दिवस, तो वाईटवाला, मी घरच्यांवर न काढता पुराच्या बातम्यांवर काढला. पाचव्या दिवशी पाणी उतरलं, टपरी उघडली. मी गेलो आणि नुसता चहा सांगितला. आता रोज जातो. चहा घेतो, झाडाकडे बघतो, ऑर्डर परत आल्याचं ऐकतो. मामा पहिले आठ दिवस माझ्याकडे संशयाने बघत होते. नवव्या दिवशी म्हणाले, "सर, उभं राहायचं भाडं नाही घेत आपण."

गेल्या महिन्यात निपाणीला गेलो. अण्णा चौऱ्याऐंशीचे आहेत. डोळ्यांनी कमी दिसतं, पण पेपर आणि लोकांचे चेहरे वाचतात. दुपारी जेवणं झाली. अण्णा उठले, भिंतीला हात लावत फळीपाशी गेले, तीच काचेची बरणी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"नको अण्णा," मी म्हणालो. सदतीस वर्षांत पहिल्यांदा आम्ही त्या विषयावर बोलत होतो, तेही नाव न घेता.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

"किती झाले?"

"सात महिने."

"हं," अण्णा म्हणाले. "मागच्या खेपेला नऊ झाले होते."

आणि बरणी फळीवर ठेवली. झाकण न लावता.